माझ्या नावावरचं बीपी

हे मी आजवर कुणालाच बोललेलो नाही — बायकोलाही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय बघा.

मरोळला आमचं ऑफिस. नंदू आणि मी शेजारी-शेजारी बसायचो. डब्यातला सुका जवळा, लोणचं, पापड — सगळं अर्धं-अर्धं. एकदा कंपनीने सगळ्यांची बीपी तपासणी ठेवली. रिपोर्ट साहेबांकडे जाणार होते आणि माझं प्रमोशन अगदी दारात आलेलं. आमच्या घरात बीपी सगळ्यांना, माझंही निघणार याची खात्रीच! मग मी काय केलं? नंदूला म्हटलं, "माझ्या नावाने तू बस ना यार. तू धडधाकट आहेस."

तो हसत जाऊन बसला. नाव सांगितलं — दिलीप. नर्सने दोनदा पट्टा गुंडाळला, तिचा चेहराच उतरला. म्हणाली, आजच्या आज डॉक्टर गाठा.

"वाट लागली तुझी, दिल्या!" बाहेर येऊन नंदू खो-खो हसला. स्वतःच्या नावाने तो परत गेलाच नाही. कसा जाणार? तिने ओळखलं असतं.

एवढंच असतं तर — नाही, एवढंच नव्हतं. संध्याकाळी जिन्यात त्याने मला थांबवलं. म्हणाला, "बरेच दिवस डोकं दुखतंय रे. दाखवून येऊ का?" आणि मी... त्याने डॉक्टरला सगळं सांगितलं तर? ऑफिसात कळलं तर? मी म्हटलं, "अरे, मशीनच बोगस होतं. कशाला उगाच गोळ्या मागे लावून घेतोस?" खोटं बोललो. मशीन बरोबर होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

मला मात्र ऑफिसने डॉक्टरकडे पाठवलंच. माझंही वाढलेलं निघालं, गोळ्या सुरू झाल्या. प्रमोशनही मिळालं.

नंदू गणपतीच्या आधी टेबलावरच कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दर रविवारी मी घाटकोपरला त्याच्या घरी जातो. वहिनी चहा देतात, म्हणतात, "भावजी, तुम्ही वेळेवर दाखवलंत. यांनी डोकं दुखतंय एवढंसुद्धा कधी कुणाला सांगितलं नाही हो." मी मान हलवतो. मान हलवतो मी!

आता त्याची वाचा हळूहळू परत येतेय. वहिनींना केवढा आनंद! आणि मला? मला भीती वाटते. त्यांचा जिना चढताना मी प्रत्येक मजल्यावर थांबतो.

गेल्या रविवारी तो पहिला शब्द बोलला. बायकोचं नाव नाही, मुलीचं नाही. माझ्याकडे बघत, ओठ वाकडे करत म्हणाला — "दि... लीप."

नर्ससमोर बसून सांगितलं होतं, तेच नाव.