ओवाळणीचा चेंडू

मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी बोट दाखवायला नको. पण आयुष्यात ज्या एका वेळी मी तापायला हवं होतं, त्या वेळी मी अगदी गरीब गाय झाले. त्याचं खापर मी अजून फोडत बसते, कधी आईच्या डोक्यावर, कधी माझ्या.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. आम्ही बेंगळुरातली जुनी मराठी माणसं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि भांडताना दोन्ही. चिकपेटच्या मागे एका गल्लीत आमचं घर होतं. मला सोळावं लागलं होतं, माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, विसावं. बाबांना वर्षभरापूर्वी पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, नोकरीही गेली. परसाकडच्या खोलीत खिडकीला लावलेल्या खाटेवर ते दिवसभर पडून असायचे.

अण्णा इंटरला दोनदा आपटला होता. तिसऱ्यांदा बसण्यात अर्थ नव्हता हे त्यालाही कळत होतं. त्याला एकच गोष्ट येत होती, बॅटिंग. गावाबाहेरच्या एका सरकारी कारखान्याची क्रिकेटची टीम होती आणि चांगल्या खेळाडूला ते नोकरीवर घ्यायचे. तिथल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं होतं, संक्रांतीनंतर ट्रायल आहे, स्पिन खेळणारा बॅट्समन त्यांना हवाय. त्या एका निरोपावर आमचं घर आशा लावून बसलं होतं. अण्णा निवडला गेला तर घरात पुन्हा पगार येणार, नाहीतर आईचे भाऊ काय टाकतील त्यावर जगायचं. आणि ते टाकताना कसं टाकायचे हे मला ठाऊक होतं.

आता सराव करायचा तर बोलिंग टाकणारं कुणीतरी पाहिजे. अण्णाचे मित्र एकेक करून कामाला लागले होते. उरले कोण, मी. उन्हाळ्यात एका सकाळी त्यानं माझ्या हातात टेनिसचा जुना चेंडू दिला आणि म्हणाला, "नुसता माझ्याकडे फेक. तुला जमेल तेवढा."

तुला जमेल तेवढा म्हणे. माझं डोकंच फिरलं. पहिला चेंडू मी शेजारच्यांच्या विहिरीत घालवला, ती गोष्ट वेगळी.

आमच्या परसात बावीस यार्ड कुठले असायला. भिंतीपासून भिंतीपर्यंत जेमतेम अठरा पावलं. अण्णानं मैदानावरून काथ्याच्या मॅटचा फाटका तुकडा आणून तिथे अंथरला होता. मागे स्टंपच्या जागी रॉकेलचा रिकामा डबा. त्या काथ्यावर टप्पा पडला की चेंडू उसळायचा, आणि फिरवलेला असला तर असा काही वळायचा की बघत राहावं. पण आधी फिरवता यायला हवा ना. महिनाभर माझा एक चेंडू अण्णाच्या डोक्यावरून जायचा आणि दुसरा माझ्याच पायाशी पडायचा.

शिकवलं मला बाबांनी. ते ऑफिसच्या टीमकडून ऑफस्पिन टाकायचे, ते मला लहानपणी बघितल्याचं अंधुक आठवत होतं. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते, तर त्यांनी डाव्या हातानं टोपलीतलं लिंबू उचललं आणि दोन बोटं फाकवून त्यावर धरली. मनगट फिरवलं, नळ बंद करताना फिरवतो तसं. मग लिंबू माझ्यापुढे धरलं. ते डाव्या हातानं दाखवायचे आणि मला करायचं उजव्यानं, त्यामुळे पहिले पंधरा दिवस माझी बोटं उलटीसुलटीच पडत होती. चुकलं की ते डोळे मिटून घ्यायचे. रागवायला तेवढंच त्यांच्यापाशी उरलं होतं.

त्यांना खिडकीतून मी दिसायची, अण्णा दिसायचा नाही. पण त्यांचे कान शाबूत होते. चेंडू चांगला पडला की ते डाव्या मुठीनं भिंतीवर ठोका मारायचे, एकच. आईनं मॅटवर एक जुनं फडकं टाकून दिलं होतं. त्या फडक्यावर टप्पा पडला पाहिजे, एवढंच मी रोज पहाटे एकटीनं घोकायची. दहातले दोन पडायचे, मग चार पडायला लागले. श्रावणापर्यंत दहातले सात. ठोके वाढत गेले. मी त्या ठोक्यांसाठी खेळत होते हे कबूल करायला हवं. अण्णाची नोकरी वगैरे नंतर.

माझी साधनं म्हणाल तर अण्णाचे जुने पांढरे कॅनव्हासचे बूट, मला दोन नंबर मोठे. पुढचा पाय टेकला की आतल्या आत घसरायचा आणि चेंडू भरकटायचा. ते बाबांनीच ओळखलं, पावलाच्या आवाजावरून, आणि माझ्या बुटाकडे बोट केलं. मी पुढे चिंध्या कोंबल्या, वर नाडी घोट्याभोवती गुंडाळून बांधली आणि दावणीचा, म्हणजे अर्ध्या साडीचा, पदर कंबरेला खोचला. आई म्हणाली, "मेल्ये, तुला बघायला आलेला माणूस दारातून परत जाईल." मी म्हटलं, जाऊ दे.

दिवाळी जवळ आली तसं मी अण्णाला सांगितलं, या भाऊबीजेला मला ओवाळणीत खरा कातडी चेंडू हवा. टेनिसच्या चेंडूवर तुझी ट्रायल होणार नाही. त्याला पटलं. आईला नाही पटलं. ओवाळणी आधी बघायची नसते म्हणाली. पण मी अण्णाबरोबर पार दंडूपर्यंत, म्हणजे कॅन्टोन्मेंटच्या बाजारापर्यंत, चालत गेले. चेंडू टाकणार मी, मग निवडणार दुसरं कोण?

दुकानदारानं पाच-सहा चेंडू मांडले आणि सगळ्यांत चकचकीत होता तो अण्णापुढे सरकवला. अण्णा म्हणाला, "सरी, ठीक आहे, हाच द्या." मी म्हटलं, थांब. एकेक हातात घेतला. चकचकीत होता तो बोटांतून निसटत होता. एक जड होता. एकाची शिवण कातड्यात बसून गेली होती, बोटाला लागतच नव्हती. शेवटचा जरा डागाळलेला, दुकानात बरेच दिवस पडून राहिलेला असावा. पण त्याची शिवण चांगली उठून आली होती आणि माझ्या लहान पंजात तो नीट बसला. मी दोन बोटं फाकवली, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. दुकानदार म्हणाला, "मुलीला काय कळतंय?" अण्णा त्याला म्हणाला, "तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं." तो हसत म्हणाला होता. पण म्हणाला होता.

भाऊबीजेला मी ओवाळलं आणि त्यानं तोच चेंडू कुंकू लावून ताटात ठेवला. आईनं तोंड वाकडं केलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या परसात वेगळाच खेळ सुरू झाला. चेंडू शिवणीवर पडायचा आणि काथ्यावरून फणा काढून आत यायचा. अण्णा पाय पुढे टाकायचा, बॅट यायला उशीर व्हायचा आणि डबा वाजायचा. लगेच आतून ठोका. पहिल्या आठवड्यात मी त्याला रोज दहा-बारा वेळा तरी आउट केला असेल. आधी तो हसला, मग हसायचा थांबला. मग रात्री ताटावरून अर्धपोटी उठायला लागला. मला मात्र काय चढली होती. डबा वाजला की मी त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही, खिडकीकडे बघायची.

तरीही तो रोज उभा राहायचा. पौष लागेपर्यंत एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली होती, तीही मी कुणाला सांगितली नाही. अण्णा मंद होता, पण शिकत होता. चेंडू पडेपर्यंत थांबायला लागला होता. एका ओव्हरमधले तीन तो नीट खेळायचा, कधी चार. आणखी महिनाभर मिळाला असता तर मला त्याला आउट करायला घाम गाळावा लागला असता.

ट्रायलला तीन आठवडे उरले होते. त्या दिवशी त्याचा सरळ डबा उडाला आणि त्यानं बॅट भिंतीवर आपटली. संध्याकाळी चुलीपाशी आईनं मला जवळ बसवलं.

"स्वल्प हळू टाक ग," आई म्हणाली. "त्याचा धीर खचतोय. रोज बहिणीकडून हरून आत येतो, जेवत नाही. असा तिथे जाऊन काय उभा राहणार?"

मी म्हटलं, "तिथले काय हळू टाकणार आहेत?"

"ते परके आहेत. तू बहीण आहेस ना त्याची? ओवाळलंस ना?"

इथे मी तापायला हवं होतं. नाही तापले. आई रडत होती, आणि तिला रडताना मी बाबा पडले त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बघत होते. शिवाय माझ्याही मनात चोर होता. डबा वाजल्यावर मला होणारा आनंद चांगला नव्हे, असं मला वाटायला लागलं होतं. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून मी बोटं सैल सोडली. टप्पा तोच, फडक्यावर, पण फिरकी नाही. चेंडू सरळ येऊन बॅटच्या मधोमध बसायचा. अण्णा खुलला. पाय बिनधास्त पुढे टाकायला लागला, माझ्या पाठीमागची भिंत दणाणायला लागली. दोन वेळा भात मागून घ्यायला लागला. आई माझ्याकडे बघून डोळ्यांनी म्हणायची, बघ.

आतून ठोका येईना. मग तिसऱ्या दिवशी ठोके आले, पण एक नव्हे, धाडधाड, थांबेचनात. अण्णा म्हणाला, "बाबा खूश दिसतायत." आई आत गेली आणि वारा लागतो म्हणून खिडकी लावून घेतली. पुढे ट्रायलपर्यंत ती सरावाच्या वेळी बंदच राहिली. मी रात्री बाबांना भरवायला गेले की ते घास घ्यायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

ट्रायलला मी अण्णाच्या जेवणाचा डबा घेऊन गेले होते. मैदानाच्या कडेला झाडाखाली बसले. अण्णा पॅड बांधून नेटमध्ये गेला, तेव्हा चालही बदलली होती त्याची. आधी दोन फास्ट बोलरनी टाकलं, ते त्यानं बरं खेळलं. मग एक किडकिडीत, टक्कल पडत आलेला माणूस आला. ऑफस्पिन. त्याची बोटं बघताच मला कळलं. पहिलाच चेंडू मॅटवर पडला, आणि अण्णानं पाय पुढे टाकून दिला, जसा तीन आठवडे माझ्यापुढे टाकत होता तसा, न थांबता. चेंडू आत आला आणि मधला स्टंप पडला. पुढच्यालाही तेच. तिसरा उसळून गालफडावर बसला. चौथ्याला तो आधीच मागे सरकला. निवड करणाऱ्या साहेबांनी हातानं खूण केली, साकु, पुरे. एवढंच. सगळं मिळून पाच मिनिटं झाली नसतील.

आम्ही घरी आलो तेव्हा त्याचा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. आईनं हळद काढली तर त्यानं तिचा हात बाजूला केला आणि मला म्हणाला, "चल परसात. आणि आता खरं टाक."

त्याला मैदानावरच कळलं असणार. मी बूट घातले. खोलीत जाऊन खिडकी उघडली, कुणाला न विचारता. आई दारात उभी राहिली.

मी सहा चेंडू टाकले. सहाही फडक्यावर पडले. आयुष्यात तसं बोलिंग मी पुन्हा टाकलं नाही. पाच वेळा डबा वाजला, एकदा चेंडू त्याच्या मांडीवर बसला. आणि प्रत्येक चेंडूला आतून ठोका आला, एकेकच. बाबांना निकाल कुणी सांगितला नव्हता.

अण्णा बॅट टेकून उभा राहिला. खिडकीकडे बघत म्हणाला, "बाबांना कळत होतं?"

"हो."

"ते धाडधाड ठोके, ते खुशीचे नव्हते?"

"नव्हते."

"म्हणजे घरात मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं," तो म्हणाला. मग वाकून त्यानं मॅटची गुंडाळी केली.

फाल्गुनात बाबा गेले. अण्णा लांब एका धरणाच्या कामावर गोदामात चिकटला. जंगलात राहायचं, वर्षातून एकदा यायचं. तापानं तो आतून पोखरला, पण भाऊबीज त्यानं चुकवली नाही. दर वर्षी खण आणायचा. मी ओवाळायची आणि खण कपाटात ठेवायची.

आई गेल्यावरच्या भाऊबीजेला मी त्याला विचारलं. इतकी वर्षं जीभ रेटत नव्हती. म्हटलं, "मी खरं टाकत राहिले असते, तर तुला घेतलं असतं का रे?"

"नाही," तो म्हणाला. एक क्षणही थांबला नाही. मग ताटातला खण सारखा करत म्हणाला, "पण मला ते घरी कळलं असतं. तुझ्याकडून."

मी निरांजन बाजूला ठेवलं आणि त्याला वाढायला उठले.