पोटाच्या तुकड्याला स्तनाचा नियम

विलासने रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि हसला. "मॅडम, निगेटिव्ह उना. मंग मन्ही मायले कॅन्सर नही ना?"

मला ते हसू बघवेना. त्याची आई लीलाबाई, तापीकाठच्या गावातली. पोटाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत पोचलेला. मी नंदुरबारमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे. बायोप्सीचे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघून आजाराचं नाव सांगायचं, हे माझं काम. लीलाबाईंचे तुकडे मीच बघितले होते.

"दादा, कॅन्सर शेच," मी म्हटलं. "हाई टेस्ट औषधनी शे."

मग समजावून सांगितलं. पोटाचा कॅन्सर ढोबळमानाने दोन प्रकारचा. एकात पेशी नळ्या करून बसतात, दुसऱ्यात एकेकट्या पांगतात. लीलाबाईंचा पहिला. त्यात कधी कधी पेशींच्या कडेवर हर-टू नावाचं प्रोटीन जास्त असतं. ते असलं तर केमोबरोबर त्याच प्रोटीनवर काम करणारं एक इंजेक्शन देता येतं. निगेटिव्ह म्हणजे इंजेक्शन नाही. त्यामुळे सुरतला आईच्या दोन केमो इंजेक्शनशिवायच झाल्या होत्या. विलासचं हसू गेलं.

ही टेस्ट आमच्याकडे होत नाही. मेणात बसवलेला तुकडा शहरातल्या मोठ्या लॅबला जातो. रिपोर्टची प्रत मलाही मेलवर आली होती. शेवटची ओळ वाचून मी मेल बंद केला होता. आता विलाससमोर तो पूर्ण वाचला आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

लिहिलं होतं, पेशीभोवती पूर्ण कडं नाही, म्हणून निगेटिव्ह. प्रोटीन असेल तिथे पेशीची कड तपकिरी रंगते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हे कडं पूर्ण लागतं. पोटात तसं नसतं. तिथे पेशी नळीभोवती उभ्या असतात आणि नळीकडची बाजू बहुतेक वेळा रंगतच नाही. तळ आणि दोन्ही बाजू रंगल्या, की पुरे. पाण्याच्या पेल्यासारखं, वर उघडं. रिपोर्टवर अवयव पोट, आणि नियम लावला स्तनाचा!

लॅबकडून ती रंगवलेली स्लाइड मागवली. ती यायला चार दिवस गेले. बघितली तर गडद तपकिरी पेले, एकाला लागून एक. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही चुकला नसता. फोटो काढून सुरतच्या डॉक्टरांना पाठवले, पण त्यांना लॅबच्या सहीचा रिपोर्ट हवा होता. मी लॅबच्या हेडला फोन लावला.

त्यांनी आधी अ‍ॅक्रेडिटेशन ऐकवलं, मग मशीन कुठलं ते. शेवटी म्हणाले, "मॅडम, तुम्ही हे नंदुरबारहून सांगताय?"

"स्लाइड नंदुरबारला आली म्हणून रंग बदलत नाही, सर. रिपोर्ट समोर घ्या. अवयव वाचा."

कीबोर्डचा आवाज आला.

"स्टमक," ते म्हणाले. मग आणखी खाली वाचून, "टेम्प्लेट ब्रेस्टचं लागलं वाटतं."

लागलं वाटतं म्हणे. जणू ते आपल्या पायांनी चालत आलं आणि त्याखाली सहीही त्यानेच केली. मी आवाज चढवला, नाही म्हणत नाही. संध्याकाळच्या आत नवा रिपोर्ट सुरतला गेला पाहिजे, एवढं सांगून फोन ठेवला.

पाच वाजता आला. स्कोअर तीन, पॉझिटिव्ह. खाली टीप होती, 'रेफर करणाऱ्या डॉक्टरांच्या विनंतीवरून सुधारित.' चूक हा शब्द औषधालाही नव्हता.

विलासला फोन केला, तेव्हा त्याने विचारलं, "चूक कोनी व्हती?"

"लॅबनी. आणि मेल पुरा वाचा नही म्हनीसन मन्ही बी."

तो एवढंच म्हणाला, "तिसरा टाइमले तरी भेटी ना?"

तिसऱ्या केमोपासून इंजेक्शन सुरू झालं. गाठी लहान होत आहेत. आधीच्या दोन केमोंबरोबर ते मिळालं असतं तर आणखी किती लहान झाल्या असत्या, असं विलास अजून विचारतो. मला सांगता येत नाही, आणि त्याचाच राग जात नाही.

आता कुठलाही रिपोर्ट आला, की मी निकालाची ओळ तळहाताने झाकते आणि अवयवापासून वाचायला लागते.