वस्तादाच्या मानेवरची गाठ

शब्बीर वस्ताद गेला, हे सांगायला त्याचा मुलगा भिंगारच्या बाजारात आला, तेव्हा मी कांद्याच्या भावावरून भांडत होतो. हातातली पाटी तिथंच आपटली. रडलो नाही. संताप आला, तो अजून उतरलेला नाही...

तालमीत आम्ही जोडीनं वाढलो. त्यानं माझं नाक फोडलं, मी त्याचा कान चेपला, आणि जेवलो एकाच ताटात. पुढं तो वस्ताद झाला. मानेवर गाठ आली तेव्हा सगळे म्हणाले, डावात मान आवळली असेल. पैलवानाचा इलाज एकच, तेल लावून रगडायचं. पोरं गाठ रगडत राहिली, आणि आत घशात कॅन्सर वाढत राहिला. डॉक्टर म्हणाले, हा एचपीव्ही विषाणूचा, बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो तोच. शरीरसंबंधातून पसरतो, बाप्यांनाही सोडत नाही. तरण्या पोरांना वेळेत लस दिली तर धोका पुष्कळ टळतो. शब्बीरला तिचा उपयोग नव्हता. ऑपरेशनमध्ये त्याचा आवाजही गेला होता. त्यानं नुसतं तालमीतल्या पोरांकडं बोट दाखवलं.

लस टोचायला डॉक्टर तालमीत आले, त्या दिवशी शब्बीरही आखाड्याच्या कडेला येऊन बसला होता. पोपट, एका पैलवानाचा बाप, काठी घेऊनच आला. "वस्ताद, ही बायकांची सुई! माझं पोरगं काय बाहेरख्याली हाय व्हय?"

"मंग वस्तादाची गाठबी बायकांचीच हुती का रं?" मी म्हणालो. त्यानं काठी उगारली. मी ती हिसकून त्याच्याच तोंडावर हाणली. दात पडला, माती रक्तानं भिजली. तेवढ्यात शब्बीर उठला. हाडांचा नुसता सापळा... त्यानं मांडीवर थाप मारून पोपटाला शड्डू ठोकला. अर्थ सगळ्यांना कळला : मला चीत कर आणि पोरगं घेऊन जा.

रागानं आंधळ्या पोपटानं त्याला उचलून आपटला. पाठ टेकली. शब्बीर हरला.

"चल घरी," पोपट पोराला म्हणाला. पोरानं बापाचीच गचांडी धरून त्याला भिंतीवर दाबला. पोपटाचे डोळे पांढरे व्हायला लागले. खाली पडलेल्या शब्बीरनं पोराच्या पायावर हात आपटला, तेव्हा कुठं पकड सुटली. मग ते पोरगं डॉक्टरपुढं गेलं. "दंड माझा हाय बापू, तुमचा न्हाई." मागं बाकीच्यांनी पहिल्या डोसासाठी रांग लावली.

आता शब्बीर गेल्यापासून पोरं आखाड्याचा एक कोपरा सोडून लढतात. त्या दिवशी वस्ताद चीत झाले होते तिथं पाय कसा द्यायचा, म्हणतात. मी ओरडतो, तुडवा रे! माती हाय ती, थडगं न्हाई. पण उरलेला डोस चुकवील, त्यानं इथं लंगोट बांधायचा न्हाई.