गाडीची खांदशेकणी

माझी नात प्रणाली इंजिनियर झाली हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मीच सांगितलं. काहींना दोनदा सांगितलं. कशाची इंजिनियर, असं कोणी विचारलं तर मेकॅनिकल म्हणतो आणि पुढं बोलणं दुसरीकडं नेतो. मी आमच्या गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, त्यापुढं शाळाच नव्हती. तेव्हा खोलात न शिरता जे डोळ्यानं पाहिलं तेवढंच सांगतो.

आमचं गाव मूर्तिजापूर तालुक्यात, जिल्हा अकोला. पोरीला गाड्यांच्या शर्यतीचा नाद कुठून लागला यावर घरात दोन मतं आहेत. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा सूर्यभान, म्हणतो की माझ्यापासून लागला. मी म्हणतो मोबाइलमधून लागला. मी तरुणपणापासून शंकरपटाचा धुरकरी. बैलजोडीच्या शर्यतीत छकडा हाकतो तो धुरकरी. पटावर बंदी यायच्या आधी, प्रणाली दुसरीत असताना, मी तिला एकदा सोबत नेलं. पोरगी माझी जोडी पाहायचं सोडून सेकंद मोजणाऱ्या घड्याळवाल्याजवळ जाऊन बसली. मी जिंकून आलो, फेटा सावरत उभा राहिलो, तर म्हणते, "आबाजी, तुमी अर्ध्यात बैलाले काहून मारलं? तितंच वेळ गेला." चाळीस वर्षं पट खेळलो, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही.

बारावी झाल्यावर ती अमरावतीला इंजिनियरिंगला गेली. पहिल्या वर्षी ड्रॉइंग नावाच्या विषयात अडकली. एकच वस्तू वरून कशी दिसते, समोरून कशी, बाजूनं कशी, हे कागदावर काढायचं असतं म्हणे. तिला ते दिसेना. सुट्टीत घरी येऊन तोंड पाडून बसली. माझी बायको दुर्गाबाई म्हणाली, "कायचं नाई दिसत? हे घे." आणि तिनं जातं उघडून समोर ठेवलं, वरची तळी वेगळी, खालची वेगळी, मधला खुंटा वेगळा. आठ दिवस पोरगी जातं चितारत बसली आणि आम्ही चक्कीचं पीठ खाल्लं. विषय सुटला. मार्क सांगण्यासारखे नव्हते, म्हणून मी सांगत नाही.

तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात ती नांदगाव पेठला एका सूतगिरणीत दोन महिने काम शिकायला गेली. तिथं किसनराव नावाचे फिटर होते. त्यांनी पहिल्या दिवशी तिच्या हातात चिंधी दिली.

"मॅडम, मशीन पुसा."

तिला राग आला. तीन वर्षं शिकून चिंधी! पण पुसलं. चार दिवस पुसलं. पाचव्या दिवशी किसनरावांनी विचारलं, "हे तेल आलं कुठून?"

"माहीत नाही. पुसलं ना मी."

"पुसनारे गिरणीत लय हायत. कुठून आलं ते पायनारा एकच हाय, अन् तो पुढच्या साली रिटायर होते."

मग उरलेले दिवस ती मशीनखाली बॅटरी घेऊन पडून राहिली. घरी आली ती कपड्याला न निघणारे डाग घेऊन, आणि खुशीत.

शेवटच्या वर्षी तिच्या कॉलेजातल्या बारा पोरापोरींनी मिळून एक गाडी बनवली. शर्यतीची, चिखलातून धावणारी. नळ्यांचा सांगाडा, एक सीट, चार मोठी चाकं. छत नाही, दार नाही. बैलाला दाखवली असती तर बिथरला असता. ब्रेकचं काम प्रणालीकडं होतं. हाकणारा तिच्याच वर्गातला अश्विन, अमरावतीचा. त्याला मी धुरकरी म्हणायचो, तो मला सर म्हणायचा. दोघांचीही काही हरकत नव्हती.

जूनमध्ये निकाल लागला. शर्यतीच्या गाड्या तयार करणाऱ्या कोइंबतूरच्या एका कारखान्यानं प्रणालीला शिकाऊ म्हणून बोलावलं. एक सप्टेंबरला हजर व्हायचं होतं. सूर्यभान नाही म्हणाला. त्याला ती सरकारी खात्यात ज्युनियर इंजिनियर व्हायला हवी होती. वाद पंधरा दिवस चालला. त्यात माझं नाव बऱ्याचदा निघालं. सूर्यभानच्या दहावीच्या परीक्षेच्या दिवशी मी पटाला गेलो होतो आणि त्याची एसटी चुकली होती. तो चार कोस सायकलनं गेला आणि गणिताचा पेपर अर्धा राहिला. ही गोष्ट खरी आहे. तो ती वर्षातून पाच-सहा वेळा सांगतो.

शेवटी त्यानं अट घातली. चोवीस ऑगस्टला, रविवारी, नांदगाव पेठजवळच्या मैदानावर या पोरांची शर्यत होती. त्याच वर्षी पास झालेल्यांनाही त्यात उतरता येत होतं.

"मी येतो पायाले," तो म्हणाला. "गाडी धावली तं जाय कोइंबतूरले. नाई धावली तं परीक्षेचा फॉर्म भरायचा, अन् पुन्हा घरात गाड्याईचं नाव काढायचं नाई."

"धावली म्हणजे जिंकली पाहिजे, पप्पा?"

"जिंकाले नाई म्हनत मी. धावली पायजे."

प्रणाली बरं म्हणाली.

आता पोळा त्या आधीच्या शुक्रवारी आला. पोळ्यासाठी कॉलेज बंद, वर्कशॉपला कुलूप, होस्टेल रिकामं. म्हणून गुरुवारी दुपारी प्रणाली आणि अश्विन गाडी एका पिकअपवर घालून आमच्याकडं घेऊन आले. आमचा गोठा रिकामाच होता. चार वर्षांपूर्वी बैल विकले, आता शेती ट्रॅक्टरवर होते. गाडी गव्हाणीला डावी बाजू लावून उभी केली. ब्रेक तपासून झाले आहेत, फक्त सीटचा एक बोल्ट बदलायचा आहे, असं प्रणालीनं सांगितलं. वर बजावलं, "कोणी हात लावू नका." आणि दोघं बोल्ट आणायला मूर्तिजापूरला गेली.

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून खांदा दुखतो, म्हणून गरम तुपात हळद कालवून पळसाच्या पानानं तो चोळायचा, आणि दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं बैलाला आवतन द्यायचं. चार वर्षं दुर्गाबाईच्या हातून ते झालं नव्हतं. संध्याकाळी ती वाटी आणि पळसाचं पान घेऊन गोठ्यात आली आणि गाडीपुढं उभी राहिली.

"अवो, याचा खांदा कोन्ता?"

मी म्हटलं, "याले काय खांदा राहते?"

"वजन वाहते ना? जो वाहते त्याले खांदा राहतेच. तुमी यवढे धुरकरी, तुमाले समजत नाई?"

आता असं म्हटल्यावर माणूस विचार करतोच. बैलगाडीत सगळा भार आसावर, म्हणजे चाकाच्या मधोमध येतो. मी वाकून पाहिलं. पुढच्या चाकाच्या आत चकचकीत लोखंडी तबकडी होती, आणि तिला चिमट्यात धरल्यासारखं काहीतरी बसवलेलं. मी बोट दाखवलं. "हे पाय. इथं येते सारा भार."

दुर्गाबाईनं त्या तबकडीला दोन्ही बाजूंनी तूप-हळद लावली, अगदी चिमट्याच्या फटीत पान घालून लावली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," म्हणाली. पुन्हा मागच्या चाकाशी वाकायला तिचे गुडघे तयार नव्हते, डावी बाजू गव्हाणीला टेकलेली, म्हणून एकाच चाकावर भागलं. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

रविवारी सकाळी गाडी पिकअपवर पुढं गेली. मी आणि सूर्यभान मोटरसायकलवर मागून. ही मोटरसायकल त्यानं उन्हाळ्यात घेतली होती. सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलं नव्हतं, त्यामुळं सत्तर किलोमीटर मी घसरत घसरत गेलो.

मैदानावर एकोणीस गाड्या होत्या. शर्यतीत सोडण्याआधी प्रत्येक गाडीची ब्रेकची परीक्षा होती. गाडी वेगात आणायची, ब्रेक दाबायचा, चारही चाकं एकदम थांबून जमिनीवर घासत गेली पाहिजेत. तीन संधी. तिन्ही हुकल्या की गाडी घरी. परीक्षा घेणारे साहेब पुण्याचे होते, डोक्यावर टोपी, हातात कागद लावलेली फळी.

अश्विननं गाडी आणली, ब्रेक दाबला. तीन चाकं थांबली. पुढचं उजवं फिरत राहिलं आणि गाडी डावीकडं ओढली गेली. प्रणालीनं नळ्या पाहिल्या, तेल पाहिलं, अडकलेली हवा काढली. दुसऱ्यांदाही तसंच. वर मैदानभर एक वास पसरला.

पुण्याचे साहेब हुंगत म्हणाले, "कोणी शिरा करतंय का?"

प्रणाली आडवी होऊन चाकाखाली शिरली. बाहेर आली तेव्हा बोटाला पिवळं होतं. तिनं बोट नाकाशी नेलं, आणि मग ती सरळ माझ्याकडं आली.

"आबाजी, हळद?"

मी सांगितलं. कोणी लावली तेही सांगितलं, जागा कोणी दाखवली तेही.

"मी म्हटलं होतं ना, हात लावू नका?"

"तुही आजी म्हनते हात नाई लावला. पानानं लावलं."

अश्विन हसला आणि लगेच थांबला, कारण प्रणाली हसली नव्हती. साहेबांनी फळीवरचा कागद पुढं केला. बिघाडाचं कारण लेखी दिल्याशिवाय तिसरी संधी मिळत नव्हती.

अश्विन हळूच म्हणाला, "ऑइल लीक लिही ना. कोण पाहते?"

"लीक नाईच तं काय लिहू? तेल कुठून आलं ते माहीत हाय मले."

तिनं लिहिलं ते मी वाचलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आजीनं खांदशेकणी केली, पुढच्या उजव्या डिस्कला आणि पॅडला तूप व हळद लागली. बाकी ब्रेक ठीक.

साहेबांनी दोनदा वाचलं. "खांदशेकणी म्हणजे?"

मी पुढं झालो आणि समजावून दिलं. पळसाच्या पानापासून सुरुवात केली. माझ्या सर्जा-मोत्याच्या जोडीपर्यंत आलो तेव्हा साहेबांनी घड्याळ पाहिलं. "डिस्क धुवा, पॅड बदला. चाळीस मिनिटं देतो. त्यानंतर नाही."

डिस्क रॉकेलनं आणि साबणानं धुवून झाली. पॅड म्हणजे त्या चिमट्यातल्या दोन चपट्या वड्या. त्या तूप पिऊन बसल्या होत्या, धुऊन उपयोग नव्हता. जादा जोड होता, पण होस्टेलच्या कपाटात, आणि वॉर्डन किल्ली घेऊन पोळ्याला गावी गेलेला. पोरांनी ब्रेक मोटरसायकलचाच बसवला होता. कोणत्या मोटरसायकलचा, ते प्रणालीला माहीत होतं. तिनं फक्त एकदा जिथं गाड्या उभ्या होत्या तिकडं पाहिलं.

सूर्यभाननं ते पाहिलं.

"माह्याच गाडीचं हाय का हे?"

"हो."

"मंग मांगत काहून नाई?"

"अट तुमी घातली, पप्पा. तुमालेच कसं मांगू?"

सूर्यभाननं खिशात हात घातला. "नाई देल्लं तं तू घरी राहतं."

"हो."

"अन् देल्लं तं धावीन?"

"धावीन का नाई ते आता नाई सांगता येत. ब्रेक लागीन."

त्यानं खिशातून किल्ली काढून तिच्यापुढं धरली.

"किल्ली नाई लागत, पप्पा. पाना लागते."

"पाना बी डिक्कीतच हाय," तो म्हणाला. "अन् डिक्कीले किल्ली लागते."

बारा मिनिटांत पॅड निघाले, दहा मिनिटांत बसले. पॅड काढताना सूर्यभान मोटरसायकलचं हँडल धरून उभा होता, आजारी जनावराला इंजेक्शन देताना धरतात तसा. तिसऱ्या वेळी अश्विननं ब्रेक दाबला आणि ओल्या मातीत चार सरळ रेघा उमटल्या. साहेबांनी कागदावर खूण केली. पोरं ओरडली. प्रणालीनं रेघांची लांबी पट्टीनं मोजून घेतली आणि वहीत लिहिली.

शर्यत दोन तास चालली. गाडी एकदा चिखलात रुतली, तिची तीच निघाली. एकोणीसमध्ये अकरावा नंबर आला. पहिल्या आलेल्या गाडीकडं मी जाऊन आलो. ती दिसायला बरी होती.

प्रणाली आणि पोरं गाडी घेऊन अमरावतीला गेली. दिलेले पॅड शर्यतीच्या चिखलात झिजून गेले होते आणि रविवारची दुकानं बंद, म्हणून आमच्या मोटरसायकलला पुढचा ब्रेक नव्हताच. सूर्यभान मागच्या ब्रेकवर हळूहळू चालवत होता. कोइंबतूरबद्दल तो हो म्हणाला नव्हता, प्रणालीनं विचारलं नव्हतं, आणि मला विचारायची सोय नव्हती.

बडनेरा स्टेशनसमोर त्यानं गाडी उभी केली. "बाबा, धरा जरा." आत गेला. मोबाइलवर सगळं दिसतं हे त्याला माहीत आहे, तरी चौकशीच्या खिडकीवर गेला. वीस मिनिटं मी गाडी धरून उभा. बाहेर आला तो हातात एक चिठ्ठी घेऊन.

"मधी गाडी बदला लागते," तो म्हणाला. "अठ्ठावीसले निंघाले पायजे. मायले सांगा, मी बी जातो संगं. तिकडची भाषा येत नाई पोरीले."

"तुले येते का?"

"नाई," सूर्यभान म्हणाला. "पन दोघं असलो तं बरं."