सोमवारचा धूर

सन पासष्टची लढाई सुरू होती तेव्हा मी चौथीत होतो. आमचं गाव कळमेश्वरच्या पलीकडे. पंतप्रधानांनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलं होतं; देशात धान्य कमी होतं. आमच्या गुरुजींनी ते फारच मनावर घेतलं. सोमवारी दिवेलागणीला ते दोन मुलांना मारुतीच्या पारावर बसवत. तिथून साऱ्या गावाची कवेलूची छपरं दिसायची. कुणाच्या घरावर धूर निघाला, ते दुसऱ्या दिवशी शाळेत सांगायचं. या कामाचा मला भारी अभिमान होता. भूकही भारी लागायची.

शेजारी एक मावशी राहायची. सख्खी नव्हे, पण मी घरापेक्षा तिच्याच ओसरीवर जास्त असायचो. नवरा वारलेला, एकुलता मुलगा फौजेत. मी त्याला दादा म्हणायचो; तो त्या वेळी सीमेवर होता. सरपंचाच्या ओट्यावर संध्याकाळी रेडिओ लागे, तेव्हा बाया सरकून तिला सर्वांत पुढे जागा देत.

एका सोमवारी भूक सहन होईना. पाणी पिऊन येतो, असं सोबतच्या मुलाला सांगून मी पारावरून उतरलो आणि थेट मावशीकडे गेलो.

"काहून गा, तोंड काहून सुकलं तुहं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणे! बस इथं. दोन भाकरी टाकतो."

"मावशी, आज सोमवार आहे."

"लेकराच्या पोटाले कायचा सोमवार? मले आहे सोमवार. तू खाय."

तिनं चूल पेटवली. गरम भाकरीवर बोटानं तेल पसरलं, वर तिखट घातलं. मी खात होतो आणि ती गुडघ्यावर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत होती. "दादाही असाच खाते," म्हणाली.

पारावर परतलो तर तो मुलगा म्हणाला, "तुह्या मावशीच्या घरावर धूर होता."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी दोघांनाही विचारलं. त्यानं सांगितलं. मी होकाराची मान डोलावली.

संध्याकाळी रेडिओ लागायच्या आधी गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले, "जिचा मुलगा सीमेवर लढतो आहे, तिच्याच घरी चूल पेटावी?" मागून एक बाई बोलली, "काहून वं, एक दिवस उपाशी राहवत नाही का तुले?" कुणीतरी हसलं. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी रेडिओशेजारीच बसलो होतो. मान वर केली नाही.

"चुकलं, भाऊ," ती म्हणाली आणि उठून घरी गेली.

त्यानंतर ती ओट्यावर कधी आली नाही. मी रेडिओ ऐकून परतायचो तेव्हा कुंपणापाशी उभी असायची. "काय म्हणे गा रेडिओ?" मी आठवेल तेवढं सांगायचो. मी सांगेन तेवढीच लढाई तिला कळायची. एकदाही तिनं त्या सोमवारचा विषय काढला नाही. पुढे दादा सुखरूप आला आणि तिला घेऊन गेला. तिच्या दाराला कुलूप लागलं. शाळेतून आल्यावर मी बरेच दिवस सवयीनं तिच्या ओसरीवर जाऊन बसायचो.

ऐंशीनंतर कधीतरी दोघं नागपूरच्या सदरमध्ये भेटली, माझ्या ऑफिसच्या फाटकाशी. ती पार वाकली होती. मला ओळखून आधी विचारलं, "जेवला का गा?" दादा हसून म्हणाला, "हिले दुसऱ्याच्या जेवणाचीच काळजी. लढाईत तर आपल्या पोटासाठी गावाचा नेम मोडला बुढीनं!" ती हसली. माझ्याकडे पाहून हसली. तेव्हा सांगता आलं असतं. मी पण हसलो.

आता मी हुडकेश्वरला राहतो. घरात गॅस आहे. हिवाळ्यात सकाळी फिरायला निघालो आणि कुणी अंगणात पाण्यासाठी चूल पेटवली, की त्या धुरात मी उगाच थांबतो. कुणीतरी "काहून गा" म्हणेल असं वाटतं.

मावशी गेली. दादाही गेला, तीच समजूत घेऊन. त्याची मुलं नागपुरातच आहेत. त्यांच्या घरी ही गोष्ट अजून हसून सांगत असतील, तर त्यांनी हे वाचावं. त्या सोमवारी तुमच्या आजीनं एक घासही खाल्ला नव्हता. दोन्ही भाकरी मी खाल्ल्या.