वरच्या बांधीचे पाणी

करंजाचा पाला चिखलात कुजल्याचा वास परवा आला आणि भंडारा जिल्ह्यातली एक जुनी दुपार आठवली. सत्तरचे दशक संपत आले होते. रासायनिक खताशिवाय, करंजाचा पाला चिखलात तुडवून धान पिकवणाऱ्या एका शेतकऱ्याची बातमी करायला मी गेलो होतो. एसटीतून उतरून मोहाच्या झाडांखालून बरीच पायपीट झाली होती. पाऊस लांबला होता. त्याच्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि शेजाऱ्याची वरची बांधी मात्र काठोकाठ भरलेली होती. तिकडे वरच्या बांधीतले पाणी खालच्या बांधीत सोडायची रीत आहे; पण शेजाऱ्याने युरिया टाकल्यामुळे याने पाण्याची वाट मातीने बुजवली होती. “त्याचं पाणी मले नाही पायजे,” तो म्हणाला. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी असलेली त्याची बायको माझ्याकडे वळली. “पाण्याले बी विटाळ लावला यायनं! आता तुमची बातमीच वाढू का भाऊ, पोरायले ताटात?” तो मला तलाव दाखवायला घेऊन निघाला. तलावाच्या पाळीवर चढून मागे पाहिले, तर ती फावड्याने ती वाट मोकळी करत होती. त्यानेही पाहिले. “चला, पलीकडं पाणकोंबड्या दाखवतो तुमाले,” म्हणत तो अगदी सावकाश चालू लागला. मी दमलो म्हणून तो हळू चालतो आहे, असे तेव्हा वाटले होते. आज वाटते, बांधी भरायला तेवढा वेळ लागत असावा.