धुक्यातली हाक

मुलांनो, काल मनालीला बर्फावर दाट धुकं उतरलं. सहलीतल्या आम्ही सगळ्या बायका भाड्याच्या एकसारख्या लाल कोटांत होतो. एका आजोबांना त्यांची बायको दिसेना. "अगं, ऐकलंस का?" अशी त्यांनी घाबरून हाक मारली, तशा आम्ही सगळ्याजणी वळलो. आजी आमच्यात नव्हत्या.

तुम्ही एकमेकांना सहज नावाने हाक मारता. आमच्या पिढीत नवऱ्याच्या तोंडी बायकोचं नाव उखाण्यापुरतंच. एरवी संसारभर "अगं" पुरतं, कारण ती हाकेच्या अंतरावरच असते.

"सुमन," आजोबा ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता.

धुक्यातून आजी लगबगीने आल्या. "इथेच तर होते," म्हणाल्या. मग त्यांचा हात धरून हळूच म्हणाल्या, "पुन्हा एकदा म्हणा ना."